‘आठे पाय दबस’: माडीचा झोळ आणि स्वयंपाकघराची खचलेली फरशी

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमळनेर तालुक्यातलं गाव. पुढे आजोबांच्या वेळची लाकडी माडी, मागे १५-१६ वर्षांपूर्वी काढलेलं स्वयंपाकघर. तुम्ही पुण्याला, आई-वडील गावी. माडीवर चाललं की बाजेवर चालल्यासारखं वाटतं. खाली स्वयंपाकघरात मोरीजवळ फरशी बसली आहे आणि आई म्हणतात, “आठे पाय दबस,” म्हणजे इथे पाय दबतो. मिस्तरी म्हणतो, दोन्हीकडे वरून दोन इंच काँक्रीट ओतू, त्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स टाकू, आठवड्यात मोकळे. होकार द्यावा का?

देऊ नका. मिस्तरी लबाड आहे असं माझं म्हणणं नाही. त्याला फरशी दिसते, म्हणून तो फरशीवर इलाज सांगतो. मी धुळे-जळगाव पट्ट्यात ३० वर्षं जुन्या घरांची कामं केली. ज्या सुताराच्या हाताखाली शिकलो तो बोलण्यात फार कंजूस. माडी बघायला गेला की आधी खालच्या खोलीत शिरायचा आणि मान वर करून अर्धा तास उभा राहायचा. मी वर जायला निघालो की ओरडायचा, “पहिले खाले देख, मंग वर बोल.” तुमच्या दोन्ही जागांना हेच लागू आहे. फक्त माडीचं ‘खालचं’ डोळ्यांना दिसतं आणि स्वयंपाकघराचं खणावं लागतं.

आधी माडी. आपल्याकडची जुनी माडी म्हणजे खांबांवर आडवी तुळई (काही गावांत तिला नाट म्हणतात), तुळई ते भिंत अशा कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा (लाकडाच्या बारीक पट्ट्या), त्यावर निंबाचा पाला आणि त्यावर माती. सारवण नको म्हणून पुढे कुणीतरी त्या मातीवर शहाबादी बसवलेली असते. आता हिशोब करा. १० बाय १२ ची खोली आणि सहा इंच माती धरली तर ६० घनफूट माती होते. तिचं वजन पावणेतीन ते तीन टन. तुमचा मिस्तरी त्यावर दोन इंच काँक्रीट आणि टाइल्स चढवणार, म्हणजे आणखी दीड टन. कड्या मात्र त्याच, आजोबांच्या. वाकलेल्या माणसाच्या पाठीवर अजून एक पोतं ठेवून ‘आता ताठ हो’ म्हणण्यातलाच हा प्रकार.

वजनावरून एक विचारतो. वडिलांनी माडीवर कापूस भरून ठेवलाय का? हसू नका. भाव वाढेल म्हणून कापूस घरात थांबवायचा, खालच्या खोल्या भरल्या की वर चढवायचा, हे मी एरंडोल-पारोळ्याकडे घरोघरी पाहिलंय. कापूस दिसायला हलका, पण २० क्विंटल म्हणजे दोन टन. तोही एका कोपऱ्यात छतापर्यंत रचलेला, आणि एक नाही, दोन-दोन हंगाम. लाकडाचा स्वभाव असा की थोडा वेळ वजन ठेवलं तर ते वाकतं आणि परत येतं. तेच वजन वर्षानुवर्षं राहिलं की वाकलेलंच राहतं, वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. ज्वारीच्या कोठ्या, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी यांचंही तेच. म्हणून पहिलं काम फुकटाचं आहे: माडी रिकामी करा.

रिकामी झाली की झोळ आणि लचक या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. लोक दोन्हींना ‘माडी दबते’ म्हणतात आणि तिथेच गल्लत होते. झोळ म्हणजे मधोमध आलेला बाक. लचक म्हणजे पाय टाकल्यावर जमीन खाली जाऊन परत वर येणं. झोळ आहे पण लचक नाही, अशी माडी बहुतेक वेळा नुसती म्हातारी झालेली असते, आजारी नसते. खालून लाइनदोरी ताणा. कडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी धरा आणि मधे किती अंतर पडतं ते मोजा. १० फुटांच्या कडीला अर्ध्या इंचापर्यंत बाक असेल आणि महिन्याभराने पुन्हा मोजल्यावर तेवढाच असेल, तर शांत झोपा. दीड-दोन इंच असेल किंवा आकडा वाढत असेल, तर टेकू लावल्याशिवाय वर कुणाला झोपवू नका.

लचक असेल तर ती कुठे आहे यावरून अर्धं निदान होतं. भांडंभर पाणी जमिनीवर ठेवा आणि कुणाला तरी खोलीभर चालायला सांगा. पाणी कुठे जास्त हिंदकळतं ते पाहा. भिंतीजवळ जास्त लचकत असेल तर कडीचं भिंतीत गेलेलं टोक कुजलंय असं धरून चला. मधोमध लचकत असेल तर कड्या बारीक आहेत, खण (कडीच्या दोन आधारांमधलं अंतर) मोठा आहे किंवा कुणीतरी कडी कापलीय. (जिना सरकवताना किंवा पंख्याची वायर नेताना लोक कडीला निम्म्यापर्यंत खाच मारतात. असे वीर प्रत्येक गावात आहेत.) एकाच ठिकाणी, वीतभर जागेत पाय दबत असेल तर फक्त फळी गेलीय, आणि ती बदलली की झालं.

तुमच्या माडीत मला भिंतीकडच्या टोकांचाच संशय जास्त आहे. आपल्या जुन्या भिंती मातीच्या. धाब्यावरचं (मातीच्या सपाट छपरावरचं) पाणी पन्हळीतून लांब पडलं नाही की भिंतीवरून ओघळतं, आणि कडीचं टोक भिंतीत तीन महिने भिजत राहतं. मधली कडी खणखणीत आणि टोक भुश्यासारखं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी टोकच तपासतो. गोणी शिवायचा दाभण घ्या आणि भिंतीला लागून कडीत रोवा. चांगल्या सागवानात तो दोन-तीन मिलिमीटर जाऊन थांबतो. इंचभर आरामात शिरला तर तिथलं लाकूड संपलंय. हातोडीने ठोकलं तरी समजतं: चांगलं लाकूड टणटण बोलतं, गेलेलं भदभद.

लाकूड कशाने गेलं हेही बघावं लागतं, कारण प्रत्येकाचा इलाज निराळा. चौकोनी तुकडे पडून तपकिरी झालेलं लाकूड म्हणजे कुज. तिथे पाणी थांबवलं की रोगही थांबतो, लाकूड कोरडं राहिलं तर बुरशी वाढत नाही. बारीक गोल छिद्रं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो घुण किंवा भुंगा. आणि मातीच्या नळ्या दिसल्या, लाकूड फोडल्यावर आत मातीचे थर निघाले, तर ती उधई, म्हणजे वाळवी. उधई जमिनीतून भिंतीने वर चढते, तेव्हा माडीवर औषध मारून भागत नाही, जोत्याशी उपाय करावा लागतो.

आता दुरुस्ती. इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो, तुमच्या मिस्तरीला जरूर ऐकवा. तेव्हा माझी पंचविशी, अंगात रग. चोपड्याकडच्या एका घरात तुळईला दोन इंच झोळ होता. ट्रकचा जॅक आणला, खांब लावला आणि एका दुपारीत तुळई सरळ करून दाखवली. मालक खूश, मी त्याहून खूश. संध्याकाळी वरच्या खोलीचं दार उघडेना, चौकट तिरकी झाली होती. रात्री भिंतीचा गिलावा दोन हात लांब तडकला. सकाळी पाहतो तर तुळईचं टोक खांबावरच्या बैठकीपाशी चिरलेलं. ४०-५० वर्षांत हळूहळू वाकलेलं घर मी तीन तासांत उलटं वाकवलं होतं. माझ्या उस्तादाने शिवी दिली नाही, नुसतं बोट वर करून विचारलं, “किती सूत?” 

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हापासून माझा नियम आहे: दिवसाला एक सूत, त्याहून जास्त नाही. स्क्रू जॅक सगळ्यात बरा, अर्धा फेरा फिरवायचा आणि सोडून द्यायचा. वरच्या भिंतीवर नवी चीर दिसली की दोन दिवस थांबायचं. आणि पूर्ण सरळ करण्याचा हट्ट धरायचा नाही. दोन इंच झोळातला एक इंच काढला तरी भरपूर झालं, उरलेला वरच्या फळ्यांखाली पाचरी मारून सपाट करता येतो. टेकू थेट शहाबादीवर उभा करू नका, फरशी फुटून टेकू खाली जाईल. खाली जाड सागवानी फळी आडवी टाका म्हणजे भार पसरेल.

टोक कुजलेल्या कडीला पूर्ण बदलायची गरज नसते. टेकू लावून कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि शेजारी तितक्याच उंचीची जोडकडी लावायची. जोडकडी जुन्या चांगल्या लाकडाला किमान तीन-चार फूट चिकटून हवी, १२ मिलिमीटरचे आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वायसर, बोल्ट एका रेषेत नकोत तर वर-खाली. नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवू नका. भिंतीतलं नवं टोक मातीवर न टेकवता दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकवा, निदान चार इंच बसलं पाहिजे. टोकाभोवती बोटभर जागा मोकळी सोडा. गवंडी लोक ती जागा सिमेंटने लिंपून ‘फिनिशिंग’ देतात, त्यांना अडवा. लाकडाला वारा लागला पाहिजे. आणि ओल्या लाकडाला डांबर फासू नका, ओल आत कोंडते.

लाकूड कुठलं? नवं, अर्धवट वाळलेलं बाभळीचं लाकूड स्वस्तात मिळेल, पण ते आपल्या उन्हाळ्यात पिळवटून निघेल. त्यापेक्षा पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान वखारीत शोधा. सातपुड्यातलं जुनं साग एवढी वर्षं वाळून बसलंय, आता ते हलणार नाही. फक्त घेताना दाभण बरोबर न्या.

कड्या टोकाला ठीक असून मधेच लचकत असतील तर दोन वाटा आहेत. एक, कडीची उंची वाढवणं. लाकूड रुंदीने नाही, उंचीने ताठ राहतं. उंची दुप्पट झाली तर कडी आठपट ताठ होते, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून कडी आडवी टाकणारा सुतार दिसला की त्याला तिथूनच परत पाठवा. दुसरी वाट म्हणजे कड्यांच्या मध्याखालून आडवी तुळई किंवा लोखंडी चॅनल देऊन खण अर्धा करणं. खण अर्धा झाला की त्याच वजनाखाली झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा दुसऱ्या कशातच नाही. पण त्या तुळईखालचा नवा खांब फरशीवर उभा करायचा नाही. खड्डा घ्या, मुरूम लागेपर्यंत खाली जा, दोन बाय दोन फुटांचं काँक्रीट भरा, त्यावर दगडी उथळा (खांबाखालचा बैठकीचा दगड) आणि मग खांब.

आणि वरची माती काढा, जमत असेल तर सगळी. तिच्या जागी फळ्या किंवा १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय टाका. तीन टन उतरल्यावर माडी आपोआप थोडी वर आलेली दिसेल. एक तोटा प्रामाणिकपणे सांगतो: ती माती उन्हाळ्यात खालची खोली थंड ठेवत होती. जळगाव-भुसावळकडचा ४५ अंशांचा मे आठवा. माती काढलीत तर वरच्या धाब्याची किंवा पत्र्याची काळजी घ्या, नाहीतर आई मला नावं ठेवतील. (माडीऐवजी सिमेंटचा स्लॅब झुकला असता, खालून गंजलेल्या सळया दिसल्या असत्या, तर मी यातलं काहीच सांगितलं नसतं. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम आहे.)

आता स्वयंपाकघर. इथे गोष्ट वेगळी, इथे खाली काही लटकत नाही, सगळं मातीवर बसलंय. आणि आपली माती म्हणजे तापीकाठची काळी. कापसाला, केळीला सोनं, घराला सवत. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पायाचं खोदकाम झालं की निघालेली तीच काळी माती जोत्यात भरून टाकायची ही खूप जुनी चोरी आहे, मुरमाची ट्रॅक्टर-ट्रॉली वाचते. वरून फरशी बसवली की कुणाला कळतं? कळतं ते १० वर्षांनी.

माझी शंका खरी की खोटी ते घरीच पाहता येईल. बसलेली एक फरशी पहारीने हलकेच उचका आणि खालची मूठभर माती काढा. वाळवून, कुटून, चाळून घ्या. दोन सारख्या काचेच्या ग्लासांत सारखी चमचाभर माती टाका, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. (रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हा हे सोपं होतं, आता कुणाकडे तरी मागावं लागेल.) नीट ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थरापेक्षा दीडपट किंवा जास्त उंच दिसला तर ती फुगणारी माती आहे. प्रयोगशाळेत हीच चाचणी मापाच्या नळकांड्यात, १० ग्रॅम माती घेऊन करतात.

पण काळी माती सगळ्या घराखाली असताना मोरीजवळचीच फरशी का बसली? म्हणजे पाणी तिथेच मुरतंय. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी उतरलेलं असेल तर नळाची लाइन गळतेय. नसेल तर मोरी तपासा. मोरीच्या तोंडात फडक्याचा घट्ट बोळा कोंबा, चार बोटं पाणी भरा, पेन्सिलने रेघ मारा आणि तासाभराने बघा. पाणी उतरलं तर मोरीचा तळ किंवा कडेचे सांधे गेलेत. तेही ठीक निघालं तर बोळा काढा, बादलीभर पाण्यात नीळ कालवून सोडा आणि बाहेरच्या चेंबरपाशी उभे राहा. पाणी अर्धंच पोहोचलं तर पाइप मधेच फुटलाय. जुना चिनी मातीचा पाइप असेल तर सांध्यावरच फुटलेला असतो. बहुतेक वेळा दोष नहाणी ट्रॅप (मोरीच्या तोंडाखालची जाळीची वाटी) आणि पाइप यांच्या जोडात सापडतो. (इंग्रजीत लिहिलेल्या कोटेशनमध्येही त्याला ‘नहाणी’च म्हणतात, तेवढा एक शब्द आपण त्यांना दिला.) शोषखड्डा भिंतीपासून किती लांब आहे तेही कळवा. भिंतीला लागून असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

पाणी कुठेच सापडलं नाही तर घुशींचा विचार करा. धरणगावकडच्या एका घरात एकाच जागेची फरशी तीनदा भरली होती. चौथ्यांदा मला बोलावलं. मी फरशी उचलली, तर खाली बिळाचं तोंड, आणि बीळ गटारापासून निघून थेट धान्याच्या कोठीखाली. दर वेळी गवंडी वरून रेती टाकायचा आणि घूस ती रेती बाहेर काढून ठेवायची. बाहेर गटाराशी रेतीचा ढीग पडलेला होता, पण तो कुणी बघितलाच नव्हता. बीळ मिळालं तर दगडाचे तुकडे, फुटक्या काचा आणि सिमेंटचा पातळ रबडा भरून बंद करा. रबडा ओतायचा उपाय फक्त बिळाच्या पोकळीला ठीक आहे. काळ्या मातीच्या खचण्याला तो चालत नाही, माती पुन्हा आक्रसली की त्याच्या खाली नवी पोकळी होते.

फरशी दुरुस्त करायची तर बसलेल्या भागापेक्षा दोन हात जास्तीची जागा उकला. शहाबादी सावकाश काढली तर परत वापरता येते. काळी माती दीड-दोन फूट काढून बाहेर फेका, पण भिंतीच्या पायाच्या खाली उकरू नका. पाइप आधी दुरुस्त करा, त्यात पाणी सोडून एक दिवस बघा, मगच भर घाला. भर पिवळ्या किंवा तांबड्या मुरमाचीच हवी, सहा इंचांचा एक थर, पाणी मारून धुम्मसाने ठोकून, मग दुसरा थर. टाच मारली तर खूण उमटू नये इतकं ठोका. एकदम दोन फूट भरून वरून पाणी सोडणाऱ्याला काम देऊ नका. मुरूमच का, याला शास्त्रही आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर द्यायची पद्धत मांडली. कालव्यांखाली, रस्त्यांखाली ती वापरतात, आणि तिथे थर मीटरभर जाड असतो. आपल्या स्वयंपाकघराला दोन फुटांत बरंच निभावतं.

त्यावर चार इंच काँक्रीट, १:४:८ (सिमेंट, रेती, खडी) चालेल, मग फरशी. फरशी आणि भिंत यांच्यामध्ये बारीक फट सोडा, म्हणजे जमीन थोडी हलली तरी भिंतीला ओढणार नाही. फरशी उकललेलीच असेल तर उधईचं काम तेव्हाच उरका. भारतीय मानक ६३१३ मध्ये राहत्या घरासाठी पद्धत दिली आहे: भिंत आणि जमिनीच्या सांध्यावर फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून, प्रत्येकी जास्तीत जास्त लिटरभर औषध. क्लोरपायरिफॉस २० ईसी असेल तर एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी. हे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, आणि आवारात विहीर किंवा बोअर असेल तर त्याला आधी सांगा.

काम कधी काढायचं ते तुमच्या सुट्टीवर ठरवू नका. मे महिन्यात काळी माती सगळ्यात आक्रसलेली असते. तेव्हा फरशी बसवली तर जुलैत ती खालून उचलून फुटेल. पाऊस सरून जमीन जरा वाफसली की, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, स्वयंपाकघर करा. माडीचं जानेवारी-फेब्रुवारीत, तोवर भिंती कोरड्या होतात आणि कापूसही विकून झालेला असतो. न विकता वडील पुन्हा भावाची वाट बघत बसले असतील, तर त्यांना सांगा, भाव वाढो न वाढो, गंज्या खाली आणा. मोरीजवळच्या त्या कोपऱ्यात भरलेला सिलिंडर उभा असेल तर तोही आजच दुसरीकडे सरकवा.